लुआरकाठी सायकलने आठ दिवस: दहा किल्ले होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गणपती उठले की सप्टेंबरच्या शेवटी तुम्ही आणि वहिनी फ्रान्सला येताय, सायकल चालवायला हातात आठ दिवस, ऑर्लेआं ते नांत असा लुआर नदीचा पट्टा, रोज ७०-८० किलोमीटर आणि वाटेत दहा किल्ले. तुम्ही पुणे–गोवा दोनदा केलंय, वहिनी रविवारी ४० पर्यंत जातात, त्या शाकाहारी आहेत पण अंडं चालतं. आणि सायकल पुण्याहून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी हा शेवटचा प्रश्न.

मी मूळची नाशिकची, गेली तेरा वर्षं तूरला राहते (तूर हे गावाचं नाव, डाळ नाही, आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हा विनोद करतो म्हणून मीच आधी करून टाकते). नदी घरापासून दहा मिनिटांवर. दरवर्षी कोणीतरी आत्या-मावसभाऊ-मित्रमंडळी येतात आणि त्यांना सायकलवर फिरवायचं काम माझ्याकडे असतं, त्या अनुभवावर लिहितेय.

तर पहिली गोष्ट, तुम्हाला वाटतंय प्रश्न किलोमीटरचा आहे. तो नाहीच. ८० किलोमीटर तुम्ही हसत कराल, वहिनीही दोन दिवसात सरावतील, रस्ता इतका सपाट आहे. ऑर्लेआंपासून नांतपर्यंत साडेतीनशेच्या वर किलोमीटरमध्ये नदी जेमतेम पर्वतीएवढी उतरते. अडचण दिवसाच्या तासांची आहे. पुण्याचा सायकलवाला पहाटे पाचला निघतो आणि ऊन चढायच्या आत साठ किलोमीटर उरकून पोह्यांवर बसतो, बरोबर? इथे सप्टेंबरच्या शेवटी सूर्य उगवतो आठ वाजता. खरंच आठ. शातो (म्हणजे तुमच्या यादीतले किल्ले) उघडतात नऊ-साडेनऊला आणि त्या दिवसांत बरेच सहाच्या आसपास बंद होतात, शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी. पावणेआठला संध्याकाळी अंधार. आता एका मोठ्या शातोला सायकल लावणं, कुलूप, सामानाचं काय करायचं याची चर्चा, तिकीट, आतून बघणं, बाग, कॉफी, परत सायकल, हे मोजलंत तर तीन तास जातात, शांबोरला चार. दोन शातो म्हणजे सात तास गेले, उरलेल्यात ८० किलोमीटर बसवा बघू. बसतात, पण मग शातो बघितला असं म्हणायचं नुसतं.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगते. पहिल्या वर्षी बहीण आणि तिचा नवरा आले होते, मी अगदी एक्सेल शीट करून एका दिवसात शोमाँ, आंब्वाझ आणि शनोन्सो हे तीन शातो टाकले होते. शनोन्सोला पोचलो तर दारावरच्या बाईने घड्याळ दाखवलं आणि खांदे उडवले, इथे खांदे उडवले म्हणजे विषय संपला. झाडांच्या त्या लांब रस्त्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसत होता तेवढंच आमचं शनोन्सो. भाऊजी अजून ऐकवतात.

म्हणून माझा हिशोब असा की दिवसाला एकच शातो नीट, दुसरा जमला तर बाहेरून, आणि चाळीस-पन्नास किलोमीटर. आठ दिवसांत पाच-सहा आतून बघितलेत तर पुष्कळ झालं.

दुसरं म्हणजे ‘किल्ला’ हा शब्द डोक्यातून काढा. शातोला आपण किल्ला म्हणतो आणि मग माणूस रायगड-राजगड डोळ्यांसमोर ठेवून येतो आणि म्हणतो अरे हा तर वाडा आहे. वाडाच आहे! बहुतेक शातो पंधराव्या-सोळाव्या शतकातले, लढाईसाठी नाही तर राजाला शिकारीला यायला, राहायला, मिरवायला बांधलेले. शांबोर १५१९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने सुरू केला, चारशेच्या वर खोल्या, आणि राजा स्वतः आयुष्यात तिथे जेमतेम काही आठवडे राहिला. तुम्हाला खरे बुरूज-तटबंदीवाले किल्ले बघायचे असतील तर या पट्ट्यात शिनों आणि आंजे. आंजेला सतरा बुरूज आहेत, काळ्या दगडात पांढऱ्या दगडाचे पट्टे, सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तिथे एकदम घरच्यासारखं वाटतं. शिनोंला १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क राजपुत्राला भेटली तो किल्ला, डोंगराच्या सोंडेवर, खाली व्हिएन नदी.

आता वाट. लुआर आ व्हेलो नावाचा सायकलमार्ग आहे, सगळा मिळून ९०० किलोमीटरच्या आसपास, अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ चा भाग. पाट्या चांगल्या आहेत, हरवणं कठीण, तरी मोबाईलवर मार्ग उतरवून ठेवा कारण मधेच ‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद अशी पाटी येते आणि तुम्हाला शेतातून वळसा. काही भाग फक्त सायकलचा, काही गावातले छोटे रस्ते, गाड्या असतात पण कमी. आणि बराच भाग नदीच्या बांधावरून जातो. हा बांध मला सगळ्यात आवडतो. लुआर ही युरोपातल्या मोठ्या नद्यांमधली त्यातल्या त्यात मोकळी राहिलेली नदी, उन्हाळ्यात वाळूची बेटं उघडी पडतात आणि वाटतं की ही काय नदी, गुडघाभर पाणी. मग एखाद्या गावात शिरताना घराच्या भिंतीवर डोक्याच्या वर कोरलेली रेघ दिसते आणि शेजारी १८५६. तेवढं पाणी आलं होतं. १८४६, १८५६, १८६६, दर दहा वर्षांनी महापूर. सायकल थांबवून त्या रेघेखाली उभं राहा एकदा. आणि वाळू बघून पाण्यात उतरू नका, खालून वाळू सरकते, दरवर्षी माणसं जातात, पोहायला मनाईच्या पाट्या उगाच नाहीत.

वाऱ्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. सगळ्यांना वाटतं नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला गेलं की सोपं. पण उतार नगण्य आहे आणि वारा बहुतेक वेळा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडूनच येतो, तो तोंडावर. बांधावर झाड नाही आडोसा नाही, अशा वेळी ८० किलोमीटर म्हणजे दिवसभर घाट चढल्यासारखं. चाळीस असेल तर चालून जातं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी हवामान बघा, सलग जोरदार पश्चिमी वारा दिसला तर उलटं करा, म्हणजे पश्चिमेकडच्या सोम्यूरला ट्रेनने जा आणि तिथून पूर्वेला ब्लुआकडे या. अर्थात हे हॉटेलं आधीच पैसे भरून घेतली नसतील तरच, ते तुमच्यावर.

मी तुमच्या जागी असते तर ऑर्लेआं आणि नांत दोन्ही सोडलं असतं. ब्लुआ ते सोम्यूर एवढाच तुकडा. पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्टेशनवरून ब्लुआला थेट गाडी मिळते, दीड तासाच्या आसपास. पहिल्या दिवशी ब्लुआ, सायकली ताब्यात घ्या, गावातलाच शातो बघा (इथे १५८८ मध्ये राजा तिसऱ्या आंरीने ग्वीझच्या ड्यूकला आपल्याच महालात मारेकरी घालून संपवलं, आपल्याकडे यावर चार नाटकं झाली असती). दुसऱ्या दिवशी सामान हॉटेलवर ठेवून शांबोर, जाऊन येऊन चाळीस-पंचेचाळीस. तिथे तो दुहेरी जिना, दोन माणसं एकाच वेळी चढतात-उतरतात, एकमेकांना झरोक्यातून दिसतात पण भेटत नाहीत. तुम्ही एका बाजूने आणि वहिनी दुसऱ्या बाजूने जा, पोरकटपणा आहे पण सगळे करतात. आणि तुमच्या तारखांना एक बोनस आहे, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हरणांचा माजाचा काळ, शांबोरच्या जंगलात संध्याकाळी नर ओरडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणाची म्हैस अडकलीय.

तिसऱ्या दिवशी शोमाँवरून आंब्वाझ, साधारण चाळीस-पंचेचाळीस. आंब्वाझला दोन रात्री राहा. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये राजाच्या बोलावण्यावरून इथे आला आणि १५१९ मध्ये इथेच गेला, त्याचं शेवटचं घर क्लो ल्युसे गावातच आहे, चालत जाण्यासारखं. चौथा दिवस फक्त शनोन्सोचा, जंगलातून पंधरा एक किलोमीटर, एकच छोटा चढ, सकाळी उघडायच्या वेळेला तिथे हजर राहायचं म्हणजे बसेसच्या आधी.

शनोन्सोबद्दल जरा जास्त लिहिते कारण एकच शातो बघायचा असेल तर तो. शेर नदीच्या अंगावर बांधलाय, आधी राजाची प्रेयसी दियान द प्वातिए हिने पूल टाकला, मग राजा वारल्यावर राणी कातरीन द मेदिचीने तिच्याकडून शातो काढून घेतला आणि त्याच पुलावर दालन चढवलं. साठ मीटर लांब, काळ्या-पांढऱ्या फरश्या, दोन्ही बाजूंना खिडक्या. माझी काकू गेल्या वर्षी आली होती, ७१ वय, ती इलेक्ट्रिक सायकलवर, एका खिडकीत टेकून खाली बघत बसली, हिरवट पाणी कमानीखालून जात होतं आणि त्याचा उजेड वर छतावर हलत होता. वीस मिनिटं उठेना. मी तिला सांगत होते की पहिल्या महायुद्धात इथे दोन्ही बाजूंनी खाटा लावून हॉस्पिटल केलं होतं, दोन हजारांहून जास्त जखमी इथे राहून गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात ही नदीच सीमा होती, पुढचं दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात आणि या दालनाच्या टोकाचं दार मोकळ्या भागात, माणसं इथून पळून जायची. काकू म्हणाली, मग ते दार दाखव आधी. टोकाला गेलो, उघडंच होतं, साधं लाकडी दार, पलीकडे झाडी. ती एक पाय बाहेर टाकून परत आली. तुमच्या दहा किल्ल्यांच्या यादीत या वीस मिनिटांना जागा नाही एवढंच माझं म्हणणं.

पाचव्या दिवशी तूरवरून विलांद्री, पंचेचाळीस-पन्नास. तिथे घरापेक्षा बाग, त्यातही भाजीचा मळा, नऊ चौकोन आणि त्यात कोबी, बीट, भोपळे रांगोळीसारखे मांडलेले. सप्टेंबरअखेर भोपळे जोरात असतात. सहाव्या दिवशी आझे-ल-रिदो आणि युसेवरून शिनों. सातव्या दिवशी कांद-सँ-मार्तांला व्हिएन लुआरला मिळते तो संगम, वर टेकडीवरून बघा, मग फोंतव्रोचा मठ आणि सोम्यूर. फोंतव्रोला जाताना चांगला चढ आहे, नदी सोडून वर पठारावर जायचं म्हटलं की प्रत्येक ठिकाणी चढ, हे लक्षात ठेवा, सपाट फक्त काठ. आठवा दिवस मोकळा ठेवा, पाऊस लागतोच एखादा दिवस. नाही लागला तर सोम्यूरच्या आसपास दगडाच्या गुहांमधली घरं आणि अळिंबीच्या खाणी बघा. त्या पट्ट्यातला दगड म्हणजे तुफो, पांढरा, इतका मऊ की भिंतीला टेकलात तर जॅकेटवर पीठ लागतं. बहुतेक शातो त्याचेच, आणि दगड काढून झालेल्या पोकळीत लोक राहायला गेले, वाईन ठेवली, अळिंबी लावल्या. एकूण सगळं मिळून अडीचशे किलोमीटर.

सायकल. पुण्याहून आणू नका. सायकल आणायला माझी ना नाही पण तुमचा प्रवास एका गावातून दुसऱ्या गावात संपतोय, मग विमानाचा तो मोठा खोका आठ दिवस कुठे ठेवणार? आणि परत जाताना तो कुठून आणणार? या मार्गावर एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करायची सोय असलेली भाड्याची दुकानं आहेत, मागच्या पिशव्या, पंक्चरचं सामान, कुलूप सकट देतात. मात्र स्वतःची सीट आणि लागत असतील तर पेडल घेऊन या, पाच मिनिटांत बदलून मिळतं आणि तिसऱ्या दिवशी मला दुवा द्याल. वहिनींसाठी इलेक्ट्रिक घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. दोघांपैकी एकालाच मोटर असेल तर वाऱ्यात पुढे त्याच राहतात, हे मी बऱ्याच नवऱ्यांच्या चेहऱ्यावर बघितलंय. फक्त ती सायकल पंचवीस किलो भरते आणि स्टेशनवर जिने असले तर ती उचलायची वेळ येते. सामान उचलायचं नसेल तर एका हॉटेलवरून दुसऱ्यावर पोचवणारेही आहेत, पैसे घेतात पण गुडघ्यापेक्षा स्वस्त.

ट्रेनचं एवढंच की प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुतेक चालते, काही मार्गांवर सीझनमध्ये आधी जागा नोंदवावी लागते, आणि टीजीव्हीत (वेगवान गाडीत) सायकलची वेगळी जागा बुक करा नाहीतर सायकल सुटी करून बॅगेत भरा. माझ्या वाटेने गेलात तर सायकलसकट ट्रेनची वेळ येणारच नाही.

खाणं. इथे वहिनींची खरी परीक्षा. गावातलं स्वयंपाकघर बारा ते दोन, दोन वाजून पाच मिनिटांनी गेलात तर बंद, कितीही गोड बोला. सोमवारी अर्धी बेकरी-दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर सुपरमार्केट बंद. म्हणून सकाळीच बेकरीतून ब्रेड, चीज, टोमॅटो, फळं पिशवीत. शेळीच्या दुधाची चीजं या भागाची शान, सँत-मोर नावाच्या चीजमध्ये मधोमध गवताची काडी असते, ती काढून टाकायची (भाऊजींनी चावली होती). पण काटेकोर शाकाहारी असाल तर सांगून ठेवते, पारंपरिक चीज बहुतेक रेनेटने, म्हणजे प्राण्याच्या पोटातून काढलेल्या विरजणाने विरजतात. सॅलड मागताना ‘सां लार्दों’ म्हणा, नाहीतर भाजीच्या सॅलडवर डुकराचे तुकडे हमखास. ऑम्लेट, आणि मैद्याऐवजी कुट्टूच्या पिठाचे घावन असतात त्यांना गालेत म्हणतात ते, यावर आठ दिवस निघतात. सोम्यूरकडे गुहांमधल्या हॉटेलांत फुए मिळतात, भट्टीतून फुगून येणारे छोटे पाव, आत बीन्स किंवा चीज भरायचं, वहिनींना तेवढे नक्की द्या. चिवडा-चकल्या आणा पण पेढे-बर्फी नको, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे.

पाणी: गावात नळ दिसत नसेल तर चर्च शोधा, तिथून दफनभूमी शोधा. हसू नका. फुलांना घालायला तिथे नळ असतोच, बहुधा फाटकाच्या आत भिंतीला. वर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका. आमच्याकडचे सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात, शांतपणे, टोपी काढून.

रस्त्याचा एकच नियम घोकून या. उजवीकडून चालवायचं हे तर तुम्हाला माहीतच आहे, पण गावात जिथे पाटी नाही तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात आणि तो बोळातून येतोय, तरीही त्याचा हक्क, आणि तो थांबत नाही. मी पहिल्याच वर्षी एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकवून थांबलेय, आजोबा आतून माझ्यावरच ओरडत होते आणि बरोबर होते. कानात इयरफोन घालून चालवायला दंड आहे. आणि वाईनच्या गावांतून जाताय म्हणून, दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे.

व्हिसासाठी शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, तीस हजार युरोचा विमा लागतो. राहायच्या जागेचे कागद जोडावे लागतात तेव्हा रद्द करता येणारं बुकिंग करा, म्हणजे वारा बघून दिशा उलटवायची वर म्हटलेली गोष्ट तुम्हाला करता येईल. राहायला ‘आक्योय व्हेलो’ची हिरवी पाटी असलेल्या जागा बघा, सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीची हत्यारं तिथे असतात.

नक्की तारखा ठरल्या की लिहा. शनोन्सोचा दिवस शनिवार-रविवारी येत असेल तर आंब्वाझच्या दोन रात्री एखाद्या दिवसाने मागेपुढे करता येतात का ते बघून सांगते.